प्रकल्प नोंदी: खाडीच्या पाण्यातील पारा आणि डीएनए-संवेदक

८ जानेवारी २०२४

पाण्यातील पाऱ्याचे आयन डीएनएच्या साहाय्याने विद्युतरासायनिक पद्धतीने मोजणारा संवेदक तयार करणे आणि तो बफरपुरता (सामू म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणापुरता) न ठेवता खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातही कितपत चालतो हे पाहणे, असे या प्रकल्पाचे उद्दिष्ट ठरले आहे. पाणी उल्हास नदीचेच घ्यायचे आहे. बदलापूरजवळ ती गोडी आहे आणि कल्याणच्या खाली भरती-ओहोटीच्या टप्प्यात येते, त्यामुळे एकाच नदीवर क्लोराईडची जवळपास सगळी पायरी-पायरीची श्रेणी मिळते. शिवाय उल्हासच्या खाडीतील गाळात पारा साठल्याविषयी जुने प्रकाशित अभ्यास आहेत, त्यामुळे प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. मात्र आमचे काम प्रदूषणाचे सर्वेक्षण नाही. खाडीचे पाणी आम्ही केवळ माध्यम म्हणून वापरणार आहोत आणि त्यात मोजून घातलेला पारा संवेदकाला दिसतो का, एवढेच पाहणार आहोत.

मर्यादा आधी लिहून ठेवणे बरे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे १ मायक्रोग्रॅम आहे. पाऱ्याचा अणुभार २००.५९ असल्याने हे प्रमाण सुमारे ५ नॅनोमोलर (लिटरला मोलचे ५ अब्जांश) होते. जागतिक आरोग्य संघटनेचे असेंद्रिय पाऱ्यासाठीचे मार्गदर्शक मूल्य ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ३० नॅनोमोलर आहे. यापुढे ‘कमी’ किंवा ‘जास्त’ असे जे काही लिहिले जाईल ते या दोन आकड्यांच्या संदर्भात वाचावे.

२३ जानेवारी २०२४

डीएनए धाग्याची मागणी नोंदवली. रचना नवी नाही. पाऱ्याचा द्विसंयुजी आयन समोरासमोर आलेल्या दोन थायमिनांच्या (थायमिन हा डीएनएच्या चार बेसांपैकी एक) मधोमध बसतो, प्रत्येकातील एका नायट्रोजनवरचा प्रोटॉन बाजूला सारतो आणि एरवी न जुळणाऱ्या थायमिन-थायमिन जोडीला घट्ट बांधून टाकतो. या गुणाचा उपयोग करून अकिरा ओनो आणि हुमिका तोगाशी यांनी २००४ मध्ये पाऱ्यासाठी प्रकाशदीप्तीवर चालणारा संवेदक मांडला होता. आम्ही त्याच धर्तीचा २२ बेसचा धागा घेतला आहे. दोन्ही भुजांत प्रत्येकी नऊ बेस आणि मध्ये चार सायटोसिनांचा वळसा. पारा नसताना या भुजांत सायटोसिन-ग्वानिनच्या दोनच खऱ्या जोड्या जुळू शकतात आणि तेवढ्यावर घडी टिकत नाही. पारा आला की थायमिनांच्या सात जोड्या बांधल्या जातात आणि धागा केसात खोचायच्या आकड्यासारखा दुमडतो.

धाग्याच्या एका टोकाला सोन्याला धरून बसणारा थायोल गट आहे, दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉन देणारा-घेणारा रंग मेथिलीन ब्लू. धागा मोकळा असताना मेथिलीन ब्लू इलेक्ट्रोडपासून लांब हेलकावत राहतो आणि इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण मंद होते. धागा दुमडला की तो पृष्ठभागाजवळ येतो आणि प्रवाह वाढतो. पारा वाढेल तसा संकेत वाढणारी रचना आम्ही मुद्दाम निवडली, कारण संकेत घटणाऱ्या रचनेत इलेक्ट्रोड खराब झाला तरी ‘पारा आहे’ असेच दिसते.

नियंत्रणासाठी दुसरा धागा मागवला आहे. त्यात दोन्ही भुजांतील सगळ्या थायमिनांच्या जागी ॲडेनिन आहे. एकाच भुजेत बदल केला असता तर ॲडेनिन-थायमिन अशा नेहमीच्या जोड्या जुळून धागा कायमचाच दुमडला असता.

६ फेब्रुवारी २०२४

सोन्याच्या इलेक्ट्रोडांची तयारी सुरू केली. २ मिलिमीटर व्यासाचे चकतीचे इलेक्ट्रोड आहेत. ॲल्युमिनाच्या १, ०.३ आणि ०.०५ मायक्रॉनच्या भुकटीवर क्रमाने घासणे, प्रत्येक पायरीनंतर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुणे आणि शेवटी ०.५ मोलर गंधकाम्लात विभवाचे (व्होल्टेजचे) फेरे देणे, हा क्रम ठेवला. फेरे एकावर एक तंतोतंत बसू लागले की पृष्ठभाग स्वच्छ झाला असे मानतो. सोन्याच्या ऑक्साइडच्या क्षपणाच्या (इलेक्ट्रॉन मिळून होणाऱ्या बदलाच्या) शिखराखालील विद्युतभार चौरस सेंटिमीटरला सुमारे ३९० मायक्रोकूलॉम धरून खरे क्षेत्रफळ काढले. ते भूमितीच्या क्षेत्रफळापेक्षा नेहमीच थोडे जास्त येते, कारण घासलेले सोने डोळ्याला आरशासारखे दिसले तरी खरखरीतच असते.

थायोलचे टोक डायसल्फाइडच्या रूपात बंद करून येते. ते टीसीईपी या क्षपणकारकाने उघडले, इलेक्ट्रोड धाग्याच्या सौम्य द्रावणात ठेवले आणि मग उरलेली जागा मर्कॅप्टोहेक्सॅनॉल या लहान थायोलने भरून घेतली. या द्रव्याचा वास फ्यूम हूडच्या बाहेर एक थेंब सांडला तरी दिवसभर खोलीतून जात नाही. पण त्याच्यावाचून भागत नाही: आडवे पसरलेले धागे तोच उभे करतो आणि उघडे सोनेही तोच झाकतो. पाऱ्याच्या बाबतीत दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे, कारण उघड्या सोन्यावर पारा बसला की पारदमिश्रण होऊन इलेक्ट्रोड बिघडतो.

धागे किती दाट बसले हे रुथेनियमच्या हेक्साअमाइन आयनाने क्रोनोकूलोमेट्री (वेळेनुसार वाहिलेला विद्युतभार मोजणे) करून तपासले. फार दाट बसले तर दुमडायला जागा उरत नाही, फार विरळ बसले तर शिखर पार्श्वभूमीत हरवते. चौरस सेंटिमीटरला १०^१२ रेणूंच्या आसपास राहावे असा प्रयत्न आहे.

२७ फेब्रुवारी २०२४

बफरची निवड हा या टप्प्यातला सर्वात वेळखाऊ भाग ठरला. तो सविस्तर लिहितो, कारण पुढे हे काम हाती घेणाऱ्याला याच ठिकाणी अडखळायला होईल.

डीएनए प्रयोगशाळेत जो टीई बफर सर्रास वापरला जातो त्यात ईडीटीए असते. डीएनए खाणाऱ्या विकरांना लागणारे धातू पकडून ठेवणे हेच त्याचे काम. धातू मोजायला बसलेल्या माणसाने तोच बफर वापरला तर द्रावणातला पारा धाग्यापर्यंत पोहोचण्याआधीच ईडीटीए गिळून टाकते. फॉस्फेट बफर पाऱ्याला फारसा नडत नाही, पण उद्या याच इलेक्ट्रोडवर शिसे मोजायचे झाले तर शिशाचे फॉस्फेट तळाशी बसेल. फॉस्फेट बफरच्या नेहमीच्या पाककृतीतले सोडियम क्लोराईड तर आमच्या कामाच्या मुळावरच येते, कारण क्लोराईड पाऱ्याला पकडून ठेवते. शेवटी सोडियम परक्लोरेट आणि मॉप्स (बफर द्रव्य), सामू ७, यावर एकमत झाले.

त्यातून पुढची अडचण निघाली. नेहमीच्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराईड संदर्भ इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराईडचे ३ मोलर द्रावण असते. ते सच्छिद्र तोंडातून थोडे थोडे पाझरते, म्हणजे क्लोराईड टाळण्यासाठी एवढी धडपड करून आपणच ते सेलमध्ये घालत राहतो. शिवाय पोटॅशियम परक्लोरेट पाण्यात फार कमी विरघळते. पाझरलेले पोटॅशियम आणि बफरमधले परक्लोरेट नेमक्या त्या छिद्रांत भेटतात, पांढरे स्फटिक साचतात आणि विभव भरकटू लागते. उपाय म्हणून दुहेरी संधीचा संदर्भ इलेक्ट्रोड घेतला आणि बाहेरच्या कप्प्यात सोडियम नायट्रेट भरले. कॅलोमेल इलेक्ट्रोड कपाटात होता, पण त्यात पाराच असतो. नॅनोमोलर पारा मोजायच्या खोलीत तो ठेवणेही योग्य नव्हते, म्हणून पाऱ्याच्या जुन्या तापमापकांबरोबर त्याचीही रवानगी दुसऱ्या मजल्यावर केली.

१४ मार्च २०२४

बफरमधील पहिली समाधानकारक मालिका मिळाली. स्क्वेअर वेव्ह व्होल्टामेट्री (चौकोनी लहरीने विभव बदलत प्रवाह मोजणे), मोठेपणा २५ मिलिव्होल्ट, विभव ० पासून उणे ०.५ व्होल्टपर्यंत. मेथिलीन ब्लूचे शिखर उणे ०.२८ व्होल्टच्या आसपास येते. पारा घातल्यावर ते वाढते आणि काही मिनिटांत स्थिरावते. वारंवारता बदलून पाहिली असता कमी वारंवारतेला वाढ थोडी दिसते आणि जास्त वारंवारतेला ठळक. कमी वारंवारतेला दूरच्या मेथिलीन ब्लूलाही इलेक्ट्रॉन पोहोचवायला सवड मिळते, त्यामुळे मोकळा धागा आणि दुमडलेला धागा यांतला फरक पुसला जातो. तेव्हा वारंवारता ठरवणे म्हणजे संवेदकाची रचना ठरवण्याइतकेच महत्त्वाचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

मोजणीचा एक नियम आजपासून पक्का केला. इलेक्ट्रोड पाऱ्याच्या द्रावणात विभव न लावता ठेवायचा, नंतर स्वच्छ बफरने धुवायचा आणि पारा नसलेल्या बफरमध्ये मोजायचा. आम्ही ज्या विभवाला मोजतो तिथे मोकळ्या पाऱ्याच्या आयनाचे क्षपण होऊन तो धातुरूपाने सोन्यावर बसू शकतो. मग मोजतो आहोत ते धाग्याचे दुमडणे की पाऱ्याचे बसणे, हे सांगता येणार नाही. ॲडेनिनच्या धाग्याने हीच शंका तपासली. त्याच्या शिखरात पाऱ्याने लक्षणीय फरक पडला नाही.

कोऱ्या (पारा नसलेल्या) द्रावणाच्या वाचनातील प्रमाण विचलनाच्या तिप्पट भागिले रेषेचा चढ, या नेहमीच्या हिशेबाने शोधमर्यादा १० नॅनोमोलरच्या जवळपास येते. म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मूल्याखाली, पण भारतीय मानकाच्या मर्यादेपेक्षा जास्त. बफरमध्येच ही स्थिती असेल तर खाडीत काय होईल, याची कल्पना आतापासून असावी.

मार्गदर्शक मॅडमनी शिशाचा प्रश्न पुन्हा काढला. शिशासाठी डीएनएझाइम (विकरासारखे काम करणारे डीएनए) आहेत. शिशाच्या साहाय्याने आरएनएचा दुवा तोडणारा पहिला डीएनएझाइम ब्रेकर आणि जॉइस यांनी १९९४ मध्ये दाखवला आणि त्या जातीच्या रेणूंवर पुढे इलेक्ट्रोडही तयार झाले. पण त्यात धागा तुटतो आणि तुटलेला धागा परत जोडता येत नाही, म्हणजे एका मोजणीला एक इलेक्ट्रोड. थायमिनच्या जोडीतला पारा मात्र ईडीटीएने काढून घेता येतो आणि तोच इलेक्ट्रोड पुन्हा वापरता येतो. एकाच पृष्ठभागावर गोड्या आणि खाऱ्या पाण्याची तुलना करायची असल्याने आम्ही पाऱ्यावरच राहायचे ठरवले.

१६ एप्रिल २०२४

इतर धातूंची तपासणी. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, कॅडमियम, मँगनीज आणि शिसे हे आयन पाऱ्याच्या शंभरपट प्रमाणात घातले तरी शिखर जवळजवळ जागचे हलले नाही. तांब्याच्या बाबतीत इलेक्ट्रोड नीट धुतला नाही तर त्याचे स्वतःचे क्षपण मेथिलीन ब्लूच्या शिखराच्या पायथ्याशी दिसते. धुतल्यावर ते जाते. चांदीबद्दल थोडी शंका होती, कारण दोन सायटोसिनांच्या मधे चांदीचा आयन बसतो आणि आमच्या वळशात चार सायटोसिन आहेत. थोडा बदल दिसला, पण पाऱ्याच्या तुलनेत किरकोळ. खाडीत क्लोराईड इतके असते की चांदी मोकळी राहण्याचा प्रश्न येत नाही.

निवडकपणाचा हा तक्ता सादरीकरणात छान दिसेल. माझ्या मते मात्र तो प्रकल्पाचा सोपा भाग आहे. डीएनए पारा ओळखतो यात कोणाला शंका नव्हतीच. पारा त्याच्यापर्यंत कोणत्या रूपात पोहोचतो, हे अजून तपासायचे आहे.

२४ मे २०२४

काल पौर्णिमा झाल्याने आज उधाणाची भरती होती. दुपारच्या भरतीला कल्याणच्या दुर्गाडीजवळ आणि डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदरावर पाणी घेतले. सकाळी बदलापूरला नदीचे पाणी घेऊन झाले होते. बाटल्या काचेच्या, आम्लाने धुतलेल्या. पाऱ्यासाठी पॉलिथिनच्या बाटल्या वापरत नाही, कारण पारा त्यांच्या भिंतीत शिरतो आणि आरपार जातो. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळले. मचूळ पाण्याने, विशेषतः रेतीबंदरच्या, गाळणी पुन्हा पुन्हा तुंबत होती.

पाणी टिकवण्यासाठी आम्ल घालण्याची प्रथा आहे, पण आम्लात डीएनएचे बेस गळू लागतात आणि आम्ही ज्या रूपांचा शोध घेत आहोत ती रूपेच बदलतात. म्हणून निम्म्या बाटल्यांना आम्ल घातले आणि निम्म्या तशाच बर्फात ठेवून त्याच संध्याकाळी मोजल्या.

२८ मे २०२४

अपेक्षेप्रमाणे, पण अपेक्षेपेक्षा जोरात. बदलापूरच्या पाण्यात घातलेला पारा बफरच्या मानाने थोडा कमी दिसला. दुर्गाडीच्या पाण्यात तो निम्म्याहून खाली आला. रेतीबंदरच्या पाण्यात कमी प्रमाणांना शिखर कोऱ्या पाण्याइतकेच राहिले.

कारण मांडून पाहू. पाऱ्याला क्लोराईडची ओढ मोठी आहे. दोन क्लोराईड धरलेल्या रूपाचा एकूण स्थिरांक (बंध किती घट्ट हे सांगणारा आकडा) सुमारे १०^१३ आहे, आणि क्लोराईड वाढेल तसे तीन व चार क्लोराईडची रूपे पुढे येतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराईड असते. खाडीत त्याहून कमी, तरी पाऱ्याच्या दृष्टीने ते भरपूरच. मात्र बफरमध्येही पारा खऱ्या अर्थाने मोकळा नसतो, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. सामू ७ ला तो दोन हायड्रॉक्साइडांशी बांधलेला असतो. हिशेब केला तर ०.१ मोलर क्लोराईडमध्ये उघडा आयन क्लोराईड नसलेल्या बफरच्या तुलनेत साधारण दहा हजारपट कमी होतो. बदलापूरच्या गोड्या पाण्यात क्लोराईड इतके थोडे आहे की तिथे हायड्रॉक्साइडच वरचढ राहतो. म्हणून तिथली घट क्लोराईडच्या खात्यावर टाकता येत नाही. ती बहुधा कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेल्या सेंद्रिय द्रव्याची आहे, कारण त्यातील गंधकाचे गट पाऱ्याला क्लोराईडपेक्षाही घट्ट धरतात.

आणखी एक गोष्ट दिसली. पारा न घातलेल्या खाडीच्या पाण्यातही शिखर बफरपेक्षा वर होते. हा पाऱ्याचा पुरावा नव्हे, कारण ॲडेनिनच्या धाग्यानेही तेच दाखवले. खाऱ्या पाण्यातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम हे आयन डीएनएच्या फॉस्फेट गटांच्या ऋणभारांमधले अपाकर्षण कमी करतात, धागा आपोआप आखडतो आणि मेथिलीन ब्लू थोडा खाली येतो. त्यामुळे कोरे द्रावण साध्या बफरचे न घेता क्षारांचे प्रमाण जुळवलेले घ्यावे लागेल. पारा न घातलेल्या पाण्याबद्दल यापलीकडे काही विधान करू नये.

१८ जून २०२४

क्लोराईड काढून टाकण्याचे उपाय तपासले. सिल्व्हर नायट्रेटने ते तळाशी बसवता येते, पण अवक्षेपाबरोबर पाराही ओढला जाण्याची भीती आहे आणि उरलेली चांदी सायटोसिनांशी खेळ करणार. पाणी वीसपट पातळ केले तर क्लोराईडचा अडसर खूपच कमी होतो, पण त्याबरोबर पाराही वीसपट कमी होतो. १ मायक्रोग्रॅमची मर्यादा मग पाव नॅनोमोलरवर जाऊन बसते आणि आमची शोधमर्यादा तिच्या कितीतरी वर आहे. दोन्ही उपाय सोडून दिले.

९ जुलै २०२४

बाहेर पाऊस, आत आर्द्रता आणि संदर्भ इलेक्ट्रोडचे जोड गंजलेले. तरी आजचे निकाल या प्रकल्पातले सर्वात बोलके आहेत.

विचार असा होता. थायमिन पाऱ्याला धरताना प्रोटॉन सोडतो, जोडीमागे दोन. क्लोराईड मात्र प्रोटॉनच्या भानगडीत पडत नाही. तेव्हा क्लोराईडने पारा पकडलेला असताना सामू एकने वाढवला तर तुला थायमिनच्या बाजूला शंभरपट झुकायला हवी. उलट क्लोराईड नसताना पारा हायड्रॉक्साइडकडे असतो. तिथे सामू वाढवला तर प्रतिस्पर्धीही तितकाच बळावतो आणि निव्वळ फायदा काहीच होत नाही. म्हणजे सामू बदलून संकेत बदलतो की नाही, यावरून पारा कोणाच्या ताब्यात होता हे कळू शकते.

मॉप्सच्या जागी बोरेट घेऊन सामू ८.४ वर नेला. क्लोराईड नसलेल्या मालिकेत वाढ जवळजवळ होती तशीच राहिली. ०.१ मोलर सोडियम क्लोराईडच्या मालिकेत मात्र, जिथे सामू ७ ला शिखर जेमतेम हलत होते, तिथे पाऱ्याचा प्रतिसाद स्पष्ट वाढला. मेथिलीन ब्लूचे शिखर सुमारे ४० मिलिव्होल्टने ऋण बाजूला सरकले. त्याच्या क्षपणात प्रोटॉनही भाग घेत असल्याने हे होणारच होते, आणि त्याचा उपयोग सामू खरोखर बदलला आहे याची खूण म्हणून होतो. सामू आणखी वर नेण्याचा मोह आवरला, कारण खऱ्या खाडीच्या पाण्यात कॅल्शियमचे कार्बोनेट आणि पुढे मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड गढूळ होऊन खाली बसेल.

बदलापूरच्या पाण्यात सामू वाढवून फायदा झाला नाही. तिथला अडसर क्लोराईडचा नाही, या २८ मेच्या अंदाजाला त्यामुळे बळ मिळाले.

२१ ऑगस्ट २०२४

परवा नारळी पौर्णिमा झाली. पुन्हा उधाण, पुन्हा त्याच जागा, पण या वेळी पावसाचे पाणी मोठ्या प्रमाणात खाली येत आहे. रेतीबंदरचे पाणी लालसर गढूळ होते आणि चव घेतली नाही तरी हातालाच कमी खारट जाणवत होते. सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनात क्लोराईड मे महिन्याच्या कितीतरी खाली आले. घातलेला पारा सामू ७ लाही दिसला आणि ८.४ ला त्याहून ठळक दिसला. मे महिन्यात ज्या ठिकाणी संवेदक आंधळा ठरला होता त्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये तो वाचन देतो, त्यामुळे त्याचे अंशांकन ठिकाणानुसार नव्हे तर क्लोराईडनुसार करावे लागेल. प्रत्येक नमुन्यासोबत क्लोराईड आणि सामू यांची नोंद आजपासून सक्तीची केली आहे. आकडा काढताना प्रमाणित द्रावण त्याच पाण्यात टप्प्याटप्प्याने घालायचे. बफरमधली रेषा खाडीच्या पाण्याला लावायची नाही.

सतत वापरलेल्या इलेक्ट्रोडांपैकी काहींना गंधकाम्लात फेरे दिल्यावर सोन्याच्या ऑक्साइडच्या आधीच एक वेगळे शिखर दिसले. सोन्यावर पारा बसला आहे. ईडीटीएने धाग्यातला पारा निघतो, सोन्यात मुरलेला निघत नाही. असे इलेक्ट्रोड पुन्हा ॲल्युमिनावर घासण्यासाठी बाजूला ठेवले.

३ सप्टेंबर २०२४

आम्ल घातलेल्या बाटल्या थंड बाष्पाच्या अणुशोषण पद्धतीने एकूण पारा मोजण्यासाठी पाठवायच्या आहेत. तिथे सगळी रूपे आधी तोडून मग मोजली जातात, म्हणून तो आकडा आमच्यापेक्षा मोठा येणार. त्यावरून संवेदक ‘कमी दाखवतो’ असा शेरा येऊ नये यासाठी अहवालात दोन स्वतंत्र रकाने ठेवले आहेत: ‘एकूण पारा’ आणि ‘दिलेल्या क्लोराईड व सामूला थायमिनच्या जोडीस उपलब्ध पारा’. दुसऱ्या रकान्याचे नाव लांबलचक आहे, हे मॅडमनाही मान्य आहे. तरी ते तोडू नये, कारण अटी काढून टाकल्या तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

गोड्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्याचा भाग अजून सुटलेला नाही. बदलापूरचे पाणी अतिनील प्रकाशात ठेवून ते द्रव्य मोडायचे आणि आधी-नंतरचे वाचन त्याच इलेक्ट्रोडवर घ्यायचे, हे पुढचे काम. दिव्याच्या उष्णतेने पारा उडून जाऊ नये म्हणून क्वार्ट्झची झाकणबंद नळी मागवली आहे. ती येईपर्यंत ॲडेनिनच्या धाग्याचे उरलेले इलेक्ट्रोड क्षार जुळवलेल्या बफरमध्ये तपासून घ्यावेत.